रत्नागिरीचें सर्पसत्र

कोंकणांतील घराचें अंगण ही केवळ मोकळी जागा नव्हे. तेथें भात वाळतें, पावसाळ्याच्या बेगमीचीं लांकडें रचलीं जातात, गुरांसाठीं पेंढ्याची उडवी उभी राहते, आणि भोंवतालीं जांभ्या दगडांचा, चुन्यामातीवांचून रचलेला गडगा असतो. भाताच्या वासानें उंदीर येतात, उंदरांच्या मागें साप येतात, आणि गडग्याच्या फटींतून दोघांसही बिऱ्हाडाची आयती सोय मिळते. ह्याच अंगणांतून घरचीं माणसें पहांटेपासून रात्रींपर्यंत अनवाणी वावरत आलीं आहेत. सापाची आणि माणसाची गांठ अरण्यांत पडते, अशी जी शहरवासी लोकांची समजूत असते ती म्हणूनच यथार्थ नाहीं. ती गांठ बहुधा अंगणांत, परसांत, गोठ्यांत आणि शेताच्या बांधावर पडते. रात्रीं सापाचें नांव घेऊं नये, त्यास ‘जनावर’ किंवा ‘लांबडें’ म्हणावें, आणि तो चावला असतां ‘पान लागलें’ असें म्हणावें, हा संकेत ज्या भाषेंत रूढ झाला, ती भाषा बोलणारांस हा शेजारी किती निकटचा वाटत होता हें निराळें सांगावयास नको.

ह्या शेजाऱ्याशीं आपण कसकसे वागत आलों, हा इतिहासाचा विषय होऊं शकतो, असें पुष्कळांच्या मनांत येत नाहीं. राज्यें, तह आणि लढाया यांपुढें अंगणांतील मृत्यूची काय कथा? परंतु साप चावून मेलेल्यांची संख्या ज्यानें एकवार पाहिली, त्यास हा विषय क्षुद्र वाटणार नाहीं. ह्या इतिहासांतील एक प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यांत घडलें. तें आम्हांस विशेष बोधप्रद वाटतें, म्हणून त्याच्या अनुषंगानें चार गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम ह्या प्राण्यांची ओळख करून घेऊं. आपल्याकडे घराच्या आसपास आढळणारे आणि माणसाचा जीव घेणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. नागाच्या आणि मण्यारीच्या विषाचा भर मज्जातंतूंवर असतो. पापण्या मिटूं लागतात, जीभ जड होते, आणि शेवटीं श्वास चालविणारे स्नायूच थकतात. घोणशीच्या आणि फुरशाच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति नाहींशी होते. हिरड्यांतून, लघवींतून, जुन्या जखमेंतून रक्त वाहूं लागतें. मण्यारीचा दंश तर इतका हलका असतो, कीं जमिनीवर निजलेल्या माणसास तो झोंपेंत कळतही नाहीं. पहांटे पोटांत दुखूं लागतें, आणि घरच्या लोकांस तें अजीर्ण वाटतें.

हा भेद आपल्या पूर्वजांस अगदींच अज्ञात नव्हता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विषारी सर्पांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे प्रमुख वर्ग केलेले आहेत. दर्वी म्हणजे पळी. पळीसारखी फणा धरणारा तो दर्वीकर. अंगावर मंडलें असलेला तो मंडली, आणि पट्टे असलेला तो राजिमंत. नाग, घोणशीचा वर्ग आणि मण्यार यांच्याशीं हे तीन वर्ग बऱ्याच अंशीं जुळतात. एवढेंच नव्हे, तर दर्वीकर दिवसा हिंडतात आणि राजिमंत रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं हिंडतात, असेंही तेथें सांगितलें आहे. घरांत, शेतांत डोळे उघडे ठेवून वावरलेल्या माणसांचें हें निरीक्षण आहे. पुढें मात्र ह्या निरीक्षणाची परंपरा खुंटली, आणि तिची जागा मंत्रानें व मण्यानें घेतली. निरीक्षणास श्रम पडतात, मंत्रास ते पडत नाहींत. आणि पुष्कळ दंश निर्विष सापांचे असल्यामुळें, व विषारी सापही प्रत्येक वेळीं विष सोडीत नसल्यामुळें, मांत्रिकाच्या पदरीं यश आयतेंच पडत गेलें.

नवें निरीक्षण सुरू झालें तें अठराव्या शतकाच्या अखेरीस. पॅट्रिक रसेल नांवाचा स्कॉटिश वैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत मद्रास इलाख्यांत होता. कारोमांडल किनाऱ्यावरील साप गोळा करून त्यानें त्यांचीं चित्रें व वर्णनें सिद्ध केलीं, आणि त्यांचा ग्रंथ १७९६ सालीं प्रसिद्ध झाला. कोणता साप विषारी आणि कोणता नव्हे, हें ठरविण्यासाठीं त्यानें कुत्र्यांवर व कोंबड्यांवर प्रयोग केले. घोणशीच्या शास्त्रीय नांवांत रसेलचें नांव अद्यापि जोडलेलें आहे. त्याच्यानंतर सुमारें पाऊणशें वर्षांनीं कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील शस्त्रवैद्य जोसेफ फेरर यानें भारतांतील विषारी सापांवर एक भव्य ग्रंथ लिहिला. तो १८७२ सालीं निघाला. त्यांतील रंगीत चित्रें कलकत्त्याच्या कलाशाळेंतील एतद्देशीय चित्रकारांनीं काढलेलीं आहेत, आणि तीं पाहतांना चित्रकाराचा हात कोठेंही डळमळल्याचें दिसत नाहीं.

परंतु फेररचें खरें महत्त्व आम्हांस त्याच्या गणतींत वाटतें. त्यानें निरनिराळ्या प्रांतांतील सरकारी अधिकाऱ्यांकडून १८६९ सालच्या सर्पदंशानें झालेल्या मृत्यूंचे आंकडे मागविले. बंगाल, वायव्य प्रांत, पंजाब, अयोध्या, मध्यप्रांत इत्यादि भागांतून जी बेरीज आली ती ११,४१६ होती. देशाचा बराच भाग ह्या हिशेबाबाहेर होता, आणि जेथून आंकडे आले तेथीलही पुष्कळ मृत्यु चावडीपर्यंत पोंचत नव्हते. म्हणून साऱ्या देशांत दर वर्षीं वीस हजारांहून अधिक माणसें दगावत असावींत, असा त्याचा अदमास होता. पुढें सरकार प्रतिवर्षीं असे आंकडे प्रसिद्ध करूं लागलें, आणि ते पुष्कळ वर्षें वीस हजारांच्या आसपासच राहिले. रोगावर औषध नव्हतें. फेररनें तपासलेलें एकही औषध कसोटीस उतरलें नाहीं. तेव्हां उरला उपाय एकच दिसला: साप मारणें, आणि मारणारास बक्षीस देणें.

हा उपाय रत्नागिरी जिल्ह्यांत फेररच्या ग्रंथापूर्वींच करून पाहण्यांत आला होता. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यांत आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही मोडत असे; १९८१ सालीं तो निराळा झाला. ह्या मुलखांतील जांभ्या दगडाचे सडे हें फुरशाचें माहेर होय. फुरसें हातभर लांबीचेंही क्वचितच भरतें; रंग मातकट, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण. डिवचलें असतां तें अंगाचें वेटोळें करून खवले एकमेकांवर घासतें, आणि करवतीनें लांकूड कापावें तसा खरखर आवाज करतें. दिवसा तें दगडाखालीं पडून असतें, आणि पळून जाण्याऐवजीं जागच्या जागीं राहून चावा घेण्याकडे त्याची प्रवृत्ति असते. त्याचे हे दोन्ही गुण बक्षिसाच्या योजनेस अनुकूल ठरले. दगड उलटावा, काठी घालावी, आणि मेलेलें फुरसें कचेरींत नेऊन टाकावें, एवढाच हा उद्योग होता. १८६२ सालच्या डिसेंबर महिन्यांत अवघ्या कांहीं दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशीं मारून आणण्यांत आलीं. आणि ज्या सहा वर्षांचा हिशेब पुढें प्रसिद्ध झाला, त्यांत वर्षाचें सरासरी प्रमाण सव्वादोन लाखांच्या घरांत होतें.

जनमेजयाच्या सर्पसत्राची आठवण होण्यासारखाच हा प्रकार होय. फरक इतकाच, कीं येथें मंत्राच्या जागीं पैसा होता, आणि ऋत्विजांच्या जागीं कारकून होते. परंतु ह्या सत्राचें फळ काय मिळालें? मारण्यांत येणारीं फुरशीं सहा वर्षें लाखांनींच मोजावीं लागलीं, ह्यांतच उत्तर आहे. ज्या खजिन्यांतून दर वर्षीं दोन लाख नाणीं काढलीं तरी तो रिता होत नाहीं, त्याचें मूळ भांडार आपल्या हातीं लागलेंच नाहीं, असें समजावें. फुरसें अंडीं घालीत नाहीं. जिवंत पिलें प्रसवतें, आणि तीं जन्मतःच विषारी असतात. सडे तसेच होते, दगड तसेच होते, सरडे, बेडूक, विंचू हें त्याचें भक्ष्य तसेंच होतें. घर मोकळें पडलें कीं नवें बिऱ्हाड येतेंच. दिल्लीस नागाला बक्षीस लागल्यावर लोकांनीं घरोघर नाग पाळले, अशी एक चुटकेवजा गोष्ट अर्थशास्त्राच्या व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येते. तिला भरंवशाचा पुरावा असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. रत्नागिरीची गोष्ट पुराव्याची आहे, आणि तिचा बोध अधिक गंभीर आहे. तेथें कोणी लबाडी केली म्हणून योजना फसली असें मानण्याचें कारण नाहीं. लोकांनीं सांगितलेलें काम चोख केलें, सरकारनेंही पैसे दिले. चूक होती ती कोणती संख्या मोजावयाची ह्याविषयींची. मेलेले साप मोजल्यानें वांचलेलीं माणसें मोजलीं जात नाहींत.

ही चूक प्रथम स्पष्टपणें दाखविण्याचें श्रेय मुलकी खात्यांतील व्हिडाल नांवाच्या अधिकाऱ्यास आहे. मुंबईस १८८३ सालीं निसर्गेतिहासाचा अभ्यास करणारी जी संस्था स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले गृहस्थ होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. त्या संस्थेच्या नियतकालिकांत व्हिडालनें १८९० सालीं विषारी सापांसंबंधानें एक निबंध लिहिला. त्याचा विचार साधा, पण मार्मिक होता. नाग तर सर्वत्रच आहे. मग कांहीं जिल्ह्यांत सर्पदंशाचे मृत्यु पुष्कळ आणि शेजारच्या जिल्ह्यांत थोडे, असें कां व्हावें? जेथें फुरसें विपुल तेथें मृत्यु अधिक, आणि उत्तर कानड्यासारख्या ज्या भागांत फुरसें विरळ तेथें मृत्यु कमी, असा त्यानें मेळ घालून दाखविला. लोकांचें भय नागाच्या फणेवर खिळलेलें, आणि जीव घेणारा पायाखालच्या पाचोळ्यांत, असा हा प्रकार होता. फुरशाचा दंश झालेला माणूस बहुधा तत्काळ मरत नाहीं. रक्तस्रावानें कित्येक दिवसांनीं मरतो. त्यामुळें मृत्यूचें कारण म्हणून सापाचें नांव मागें पडतें. पुढें फ्रँक वॉल ह्या वैद्यानें १९०७ सालीं विषारी साप ओळखण्याचें पुस्तक लिहिलें, आणि रंगावर न जातां खवल्यांची रचना पाहावी, असा नियम घालून दिला. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरील षट्कोनी मोठे खवले ही त्यांतीलच एक खूण होय.

दरम्यान औषधाचाही शोध लागला होता. १८९४ सालीं पॅरिस येथें फिझालिक्स व बर्त्राँ या जोडीनें, आणि स्वतंत्रपणें आल्बेर काल्मेत यानें, असें जाहीर केलें, कीं प्राण्यास विषाचे अल्प अल्प डोस देत गेल्यास त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य उत्पन्न होतें, आणि तें रक्तरस दुसऱ्यास टोंचून त्याचा जीव वांचवितां येतो. ह्या कामीं घोडे उपयोगांत आणण्यांत येऊं लागले. नागाच्या विषावरील आपली लस सर्व सापांवर चालेल, अशी काल्मेतची प्रथम समजूत होती. ती समजूत ज्या प्रयोगांनीं मोडली, त्यांपैकीं महत्त्वाचे प्रयोग आपल्या मुंबईंतच झाले. प्लेगाच्या संशोधनासाठीं हाफकिन यांनीं उभारलेल्या परळच्या प्रयोगशाळेंत जॉर्ज लँब यानें १९०२ च्या सुमारास दाखवून दिलें, कीं नागावरील लस घोणशीच्या विषावर निरुपयोगी आहे. कुलूप तसें किल्ली निराळी, हें तत्त्व येथें सिद्ध झालें. कसौली येथील संस्थेनें पुढें नाग व घोणस या दोहोंवर चालणारी लस केली. आणि ज्या परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं हाफकिन यांचें नांव मिळालें, तेथें कालांतरानें चारही सापांवर चालणारी एकच लस तयार होऊं लागली. फुरशाच्या दंशावर रामबाण म्हणावें असें औषध अशा रीतीनें मनुष्याच्या हातीं आलें.

औषध हातीं आलें, आणि तरीही मृत्यु थांबले नाहींत. येथेंच ह्या इतिहासाचा आपल्याशीं प्रत्यक्ष संबंध येतो. भारतांत घरोघर जाऊन मृत्यूच्या कारणांची जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें २००५ ह्या एका वर्षांत सुमारें ४५,९०० माणसें सर्पदंशानें मेलीं. सरकारी दफ्तरीं नोंदलेली संख्या ह्याच्या अल्पांशाइतकीही भरत नव्हती. त्यांतील शेंकडा ९७ मृत्यु खेड्यांतील होते, आणि शेंकडा ७७ रुग्णालयाबाहेर झालेले होते. पुढें २०२० सालीं निघालेल्या निबंधांत २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांतील मृत्यूंचा अंदाज बारा लाख असा केला आहे. म्हणजे दर वर्षीं सरासरी ५८,००० झाले. फेररनें अपुऱ्या आंकड्यांवरून केलेला अदमास अतिशयोक्तीचा नव्हता, हें ह्यावरून उघड होतें. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, औषध निघालें, आणि दफ्तराची वही मात्र पूर्वीइतकीच कोरी राहिली.

रुग्णालयाबाहेर झालेले हे मृत्यु कोणाचे, ह्याचा विचार आम्हां सुशिक्षितांनीं करणें अवश्य आहे. जे पायांत जोडा घालतात, पलंगावर मच्छरदाणी लावून निजतात, आणि अंधारांत दिवा घेऊन चालतात, त्यांचे हे मृत्यु क्वचितच असतात. आमच्या अंगणांतील लांकडें जी बाई उपसते, आमच्या बागेंतील पाचोळा जो गडी हातांनीं गोळा करतो, आणि दिवसभराच्या श्रमानंतर पडवींत जमिनीवर जो अंग टाकतो, त्यांचे ते मृत्यु आहेत. अंगण आमचें आणि दंश त्यांस, अशी ही वांटणी आहे. साप दिसला असतां काठी शोधण्यांत जी तत्परता आपण दाखवितों, तीच तत्परता जर गड्याला जोडा, बाईला लांब काठी आणि पडवींत निजणारास खाट देण्यांत दाखविली, तर बक्षिसाच्या लाखों पैशांनीं जें साधलें नाहीं तें थोडक्यांत साधेल.

ही केवळ सदिच्छा नव्हे. रायगड जिल्ह्यांतील महाड येथें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचवाच्या आणि सापाच्या दंशावर वर्षानुवर्षें जें काम केलें, तें जगांतील वैद्यकीय नियतकालिकांनीं आदरानें छापलें आहे. तालुक्याच्या गांवींही हे रोगी वांचवितां येतात, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. त्यास लागणारी सामग्रीही फार मोठी नाहीं. कोऱ्या काचेच्या नळींत थोडें रक्त घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवावें. तें गोठलें नाहीं तर घोणशीच्या किंवा फुरशाच्या विषाची शंका घ्यावी. ही कसोटी कोणत्याही लहान दवाखान्यांत होण्यासारखी आहे. घरीं करावयाचें तें याहूनही थोडें: दंश झालेला अवयव हलूं न देणें, रोग्यास चालावयास न लावणें, जखम कापणें, चोखणें किंवा वर घट्ट दोरी आवळणें हे प्रकार न करणें, आणि लस असलेल्या रुग्णालयाची वाट तत्काळ धरणें. साप मारून बरोबर नेण्याच्या खटाटोपांत दुसराच मनुष्य दंश पावतो. मांत्रिकाच्या ओटीवर गेलेला तास मात्र कोणत्याही लसीनें परत मिळत नाहीं.

लसीसाठीं विष लागतें, आणि विषासाठीं जिवंत साप लागतो, ही गोष्टही येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. तामिळनाडूंतील इरुळ जमातीचे लोक पूर्वीं कातड्याच्या व्यापारासाठीं साप मारीत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानंतर तो व्यापार बंद पडला, तेव्हां १९७८ सालीं त्यांची सहकारी संस्था निघाली. हे लोक साप धरतात, कांहीं दिवस ठेवून त्यांचें विष काढतात, आणि मग त्यांस रानांत सोडून देतात. देशांतील लसीसाठीं लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग ह्या एका संस्थेनें पुरविलेला आहे. ज्यांची उपजीविका सापाच्या मरणावर चालत होती, त्यांची ती सापाच्या जगण्यावर चालूं लागली. आणि त्यामुळें वांचतात तीं माणसें. मात्र एका प्रांतांतील सापाचें विष दुसऱ्या प्रांतांतील त्याच जातीच्या सापाशीं तंतोतंत जुळत नाहीं, असें अलीकडील संशोधन सांगतें. परळ येथें लँबनें जातीजातींतील भेद दाखविला होता. आतां प्रांताप्रांतांतील भेदाचा विचार करून लसी सिद्ध करण्याचें काम पुढें आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशास उपेक्षित रोगांच्या यादींत स्थान दिलें. भारत सरकारनें २०२४ च्या मार्चमध्यें सर्पदंशाविषयीं राष्ट्रीय योजना जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यु निम्म्यावर आणण्याचा संकल्प केला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत प्रत्येक दंशाची व मृत्यूची नोंद सक्तीची करावी, असें राज्यांस कळविलें. आमच्या मतें ह्या सर्वांत नोंदीचें कलम सर्वांत मोलाचें आहे. कोणत्या तालुक्यांत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या सापानें, कोणत्या कामांत असतां दंश केला, हें जेव्हां वहींत उतरेल, तेव्हांच लस कोठें ठेवावी हें कळेल. व्हिडालनें १८९० सालीं जिल्ह्याजिल्ह्यांचे आंकडे शेजारीं ठेवून हेंच केलें होतें.

महाभारतांतील सर्पसत्रांत असंख्य सर्प जळाले. ज्याच्यासाठीं तें आरंभिलें तो तक्षक मात्र वांचला. तें सत्र थांबविलें आस्तिकानें, ज्याचा पिता ऋषि आणि माता नागकुळांतील होती. दोन्ही पक्षांचें नातें ज्यास कळतें, तोच असा कलह मिटवूं शकतो, हा त्या कथेचा आशय आम्हांस दिसतो. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरशीं आजही आहेत, आणि पुढेंही राहतील. उंदीर खाणारी घोणस व धामण शेताजवळून नाहींशी झाली तर शेतकऱ्याचें नुकसान आहे, हेंही खरें. तेव्हां अंगणांतील लांकडें भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच रचावीं, गडग्याच्या फटी बुजवाव्या, रात्रीं दिवा घ्यावा, आणि आपल्या गांवाहून लस असलेलें जवळचें रुग्णालय किती अंतरावर आहे, हें पावसाळ्यापूर्वीं विचारून ठेवावें. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दंश अधिक होतात. आणि त्याच दिवसांत कोंकणांतले ओढे भरतात, साकव पाण्याखालीं जातात. तें अंतर कमी करणें हेंच आतां उरलेलें काम आहे.